लिनोलियमवरचा पिवळा चौकोन

सत्तावीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी राहिले. शिवून, इस्त्री होऊन आलेला शर्ट खोक्यात जाण्याआधी शेवटचा हात माझा. कुठे टाका सुटलाय, कुठे कॉलर एका बाजूने वर गेलीय, कुठे तेलाचा डाग आतल्या अंगाला लपवलाय, ते बघायचं. आमचा सुपरवायझर म्हणायचा, बाईंना दोष सापडला नाही तर त्यांना जेवण जात नाही. अगदीच खोटं नव्हतं ते. दोष सापडला नाही म्हणजे आपण नीट बघितलं नाही, असं मला अजूनही वाटतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण डोळे काही निवृत्त व्हायला तयार नाहीत.

आमचे हे त्याच कारखान्यात शिलाई मशीनचे मेकॅनिक. तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला आलेला माणूस. मशीन उघडतील, साफ करतील, पुन्हा लावतील आणि तासाभरानं एक शब्द बोलतील, "झालं." एकतीस वर्षांच्या संसारात बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं ह्यांच्याकडे. पण हा माणूस खोटं बोलत नाही, यावर माझा विश्वास होता. जगात मी न तपासता स्वीकारलेली ती एकच गोष्ट. म्हणून तर पुढे जे झालं ते मला इतकं लागलं.

सुरुवात झाली ती मागच्या खोलीच्या जमिनीपासून. लाकडी फळ्या कुरकुरायला लागल्या होत्या आणि एके ठिकाणी पाय चक्क आत जायचा. मी म्हटलं टाइल्स घालू. ह्यांनी दुकानातून लिनोलियमचा हाताएवढा तुकडा आणून माझ्या पायाखाली ठेवला आणि म्हणाले, "गार लागत नाही." हे ह्यांचं भाषण. दुकानदाराचं भाषण बरंच लांब होतं. जवसाचं तेल, बुचाचा चुरा, लाकडाचा भुसा, मागे तागाचं कापड, पाय घसरत नाही, पडलं तर लागत नाही, चाळीस वर्षं बघायला नको. इतकं चांगलं काही असतं का? कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. लिनोलियम म्हणून प्लॅस्टिक गळ्यात मारणारे काय कमी आहेत? मी नमुना उलटा करून तागाचे धागे बघितले, मग घरी ओट्याशी उभं राहून कोपऱ्याला काडी लावली. प्लॅस्टिक असतं तर वितळलं असतं. हे नुसतं काळं पडलं आणि जळक्या तेलाचा वास सुटला. दुकानदार खरं बोलत होता. मला जरा निराशाच वाटली.

फिकट राखाडी रंग ठरला. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला दुसरं कोण आहे? मी बॅग भरली आणि गेले. पाच आठवडे तिच्याकडे राहिले. ह्यांना फोन केला की संभाषण असं व्हायचं:

"बसवलं का हो?"

"बसवलं."

"कसं दिसतंय?"

"बरं."

"जेवताय ना वेळेवर?"

"हो."

आमच्या ठकूचा फोन मात्र मला यायचा नाही. ठकू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन चार तासांच्या अंतरावर राहते. ती बापाशी बोलते. मागच्या वर्षी तिचं नवऱ्याशी काहीतरी बिनसलं होतं, घरी येते म्हणाली. मी दोन-चार प्रश्न विचारले तर फोनच ठेवला. तेव्हापासून रुसलेली. संसारात कुरबुरी व्हायच्याच, निवळलं असेल आपोआप, असं मी धरून चालले होते.

मी गुरुवारी संध्याकाळी परत आले. शुक्रवारी सकाळी हे कुणाचं तरी दुरुस्त केलेलं मशीन पोचवायला गेले आणि मी मागची खोली बघायला घेतली. खोली रिकामी. पलंग कामासाठी उघडून गॅलरीत उभा केलेला, तो अजून तिथेच. या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे उजेड बेताचाच. मी उकिडवी बसले आणि शर्ट तपासायचे तशाच तिरप्या नजरेनं बघायला लागले. जोड कुठे आहे ते नखालाही कळेना, काम चांगलं होतं. फक्त दाराआडचा एक कोपरा चिकटवलेला नव्हता आणि तिथली कडेची पट्टी नव्हती. आणि मग मला तो दिसला.

खिडकीखाली, भिंतीला धरून, जमिनीचा एक लांबट चौकोन पिवळा पडला होता. बाकी सगळं राखाडी आणि तेवढंच पिवळट. ओल्या फडक्यानं पुसलं, साबण लावून घासलं, पण तसूभर फरक नाही. टेप आणून मोजलं. लांबी सहा फूट, रुंदी अडीच. कडा सरळ, कोपरे जरा गोलसर. शेजारी आणखी एक, छोटा, दीड फूट बाय एक. मी उभी राहिले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सहा बाय अडीच म्हणजे गादी. शेजारचं छोटं म्हणजे बॅग. एका माणसाची गादी आणि एका माणसाची बॅग.

हे आले तशी मी विचारलं, "अहो, मागच्या खोलीत काय ठेवलं होतं?"

"कुठे?"

"खिडकीखाली."

ह्यांनी चप्पल काढायला नको तितका वेळ लावला. "खोकी," म्हणाले.

"कसली खोकी?"

"मशीनची."

"खोक्यांना गोल कोपरे असतात?"

"काही काही खोक्यांना असतात."

आणि पुढच्या खोलीत जाऊन मशीनला तेल घालायला बसले. त्या मशीनला त्यांनी सकाळीच तेल घातलेलं मी बघितलं होतं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी खोटं बोलला. आणि बोलला तेही किती वाईट! सवय नसली की असं होतं.

लिनोलियमबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं, ते मी ड्रॉवरमधून काढलं. असली पत्रकं कुणी वाचत नाही, मी वाचते. त्यात होतं: झाकलेल्या भागावर पिवळसर छटा येऊ शकते, उजेड मिळाल्यावर ती काही दिवसांत जाते. मी दोनदा वाचलं. वरून काही ठेवलं की त्याच्या वजनानं तेल वर येत असणार आणि उजेडानं ते उडून जात असणार, असा मी अर्थ लावला. म्हणजे माझा पुरावा दर तासाला थोडा थोडा पुसला जात होता! मी लगेच जाड पडदा ओढला, त्यावर जुनी चादर पिनांनी टाचली, फटीत वर्तमानपत्र कोंबलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

"गोंदाचा वास येतोय," मी ह्यांना सांगितलं. "खोली बंदच राहू दे."

"बरं," हे म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

मग मी डोळ्यांत तेल घालून घर तपासलं. आमची जादा गादी कपाटावर होती, पण मी सुतळीची गाठ मारते तशी गाठ नव्हती, साधं फूल बांधलेलं. न चिकटवलेल्या कोपऱ्याखाली एक केस सापडला होता, तो मी आधीच पाकिटात घालून ठेवला होता. काळाभोर, हातभर लांब. माझे केस खांद्याच्या वर आणि पांढरे. ह्यांच्या केसांबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही.

समोर एक शिंपीणबाई राहते. दिवसभर खिडकीत मशीनवर असते, जिन्यावरून मांजर गेलं तरी तिला कळतं. मी उसवलेली उशीची खोळ घेऊन तिच्याकडे गेले.

"मी नव्हते तेव्हा आमच्याकडे कुणी आलं होतं का हो?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

तिनं दातानं दोरा तोडला. "मी कामात असते हो वहिनी. मान वर करायला वेळ कुठे मिळतो?"

"मागच्या खोलीत दिवा लागायचा का?"

"लागत असेल. तुमची बहीण कशी आहे?"

"बरी आहे. बाई कुणी दिसली का?"

"तुम्ही पण ना, वहिनी," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. खोळ उसवलेली होती एका बोटाएवढी, आणि बाई मान खाली घालून ती शिवतच बसली. हिला सगळं माहीत होतं. आख्ख्या जिन्याला माहीत असणार, एक मी सोडून.

आता खरं सांगते, मला राग आला होता त्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी तिकडे बहिणीचं बेडपॅन उचलत होते आणि इथे माझ्या घरात, माझ्या नव्या जमिनीवर, कुणीतरी काळ्या केसांची लोळत होती. ह्या वयात मी कुठे जाणार? बरं, जाणार नाहीच, घर माझंही आहे. पण ह्यांच्यासमोर बसून जेवायचं कसं? भाजी चिरता चिरता मी त्या बाईची कल्पना करायची. तिला मी नाक दिलं, डोळे दिले, लाडीक आवाज दिला.

नंतर फ्लोअरिंगवाल्याला फोन केला. लिनोलियम त्यानंच बसवलं होतं, आणि दाराआडचा कोपरा पुरा करायचा राहिला होता. बोलता बोलता विचारलं, "गादीखाली जमीन पिवळी पडायला किती दिवस लागतात?"

"ते कसं, काकू," तो म्हणाला, "गादी रोज उचलली तर एवढी पडत नाही. चांगलीच पिवळी दिसत असेल तर दोन-तीन आठवडे हललीच नसणार."

म्हणजे ती दिवसेंदिवस उठतही नव्हती! आळशी ती आळशी, वर निर्लज्ज. ह्यांना दुसरी मिळून मिळून अशी मिळावी, याचाही मला वेगळा राग आला.

फ्लोअरिंगवाला हातातलं काम संपवून बारा दिवसांनी, मंगळवारी येणार होता. मी ठरवलं, सोक्षमोक्ष त्याच दिवशी. ह्यांना शेजारी उभं करायचं, दार उघडायचं, चौकोन दाखवायचा आणि त्या जाणकार माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं की ही खोकी नव्हेत. मग बघू मौनीबाबा काय बोलतात ते.

ते बारा दिवस आम्ही दोघं घरात अगदी सभ्यपणे वागलो. हे जिन्यात जाऊन फोनवर बोलायचे. एकदा मी कचरा टाकण्याच्या निमित्तानं दार उघडलं तर कानावर आलं, "नाही. तिला माहीत नाही." मला बघून ह्यांनी फोन खिशात टाकला. ती 'तिला' म्हणजे मी, हे कळायला तपासनीस असावं लागत नाही. मी कचरा तसाच हातात घेऊन परत आत आले.

मंगळवारी सकाळी फ्लोअरिंगवाला आला. मी ह्यांना हाताला धरून मागच्या खोलीशी नेलं, पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, पिना उपटल्या, चादर आणि पडदा एका झटक्यात ओढला.

"हे बघा," मी म्हटलं.

बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण भलतंच होतं. सगळी खोली पिवळी झाली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी पिवळट. माझा सहा बाय अडीचचा चौकोन त्यात कुठे विरघळला होता, तो गुडघ्यांवर बसून, जमिनीला गाल लावूनही मला सापडेना.

फ्लोअरिंगवाला हसायला लागला. "काकू, खोली अंधारात ठेवली होती ना? अहो, हे अंधारानं पिवळं पडतं. जवसाच्या तेलाचा गुण आहे तो. गादीखालीही अंधारच असतो, वजनाचा काही संबंध नाही. चार दिवस पडदा उघडा ठेवा, परत राखाडी होईल."

म्हणजे पुरावा जपायला म्हणून मी जे केलं त्यानंच तो बुडाला. सत्तावीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. ह्यांच्या तोंडावर मला सुटल्याचा आनंद दिसेल असं वाटलं होतं, पण हे नुसते खिडकीखाली बघत उभे होते.

फ्लोअरिंगवाला पिशवीतून कडेची पट्टी काढत म्हणाला, "ते असू दे. त्या ताई कशा आहेत आता?"

"कोण ताई?" मी म्हटलं.

"तुमची मुलगी हो. मागे मी हा कोपरा करायला आलो तेव्हा इथे झोपल्या होत्या. काका म्हणाले, मुलगी आहे, बरं नाही, ठोकाठोकी नको. म्हणून तर हे राहिलं." तो ह्यांच्याकडे वळला. "तुम्ही चमच्यानं सूप भरवत होतात ना काका? घेत नव्हत्या त्या. माझ्या फार मनात राहिलं ते. घरी गेल्यावर बायकोलाही सांगितलं मी."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि मग मान खाली घालून कोपऱ्याला गोंद लावायला घेतला. काम पंधरा मिनिटांचं होतं. तेवढा वेळ मी तिथेच उभी होते. त्याला पाणी हवं का, हेसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे समोर येऊन बसले.

"ठकू होती?"

"हो."

"कधी आली?"

"तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात. ते घर सोडलंय तिनं. कायमचं."

"आजारी होती?"

"ताप वगैरे नव्हता. उठतच नव्हती. तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलेली. आठवड्यातून दोनदा समोरच्या शिंपीणबाई येऊन अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या."

मी ज्या बाईला आळशी म्हणत होते, निर्लज्ज म्हणत होते, तिचा केस मी पाकिटात घालून ठेवला होता. पण माझा स्वभाव जातो कुठे? मी म्हटलं, "आणि मला सांगितलं नाहीत. मी आई आहे तिची!"

"तिनं शपथ घातली होती."

"का म्हणून? मी काय खाल्लं असतं तिला?"

तेव्हा हे बोलले. माझ्या आठवणीत इतकं सलग कधी बोलले नव्हते. "मागच्या वर्षी तिनं फोन केला होता, घरी येऊ का म्हणून. मी इथेच बसलो होतो. तू तिला विचारलंस, आधी तुझं काय चुकलं ते सांग. मग विचारलंस, सुरुवात कुणी केली. मग विचारलंस, त्यानं हात उचलला त्याच्याआधी तू काय बोललीस. ती गप्प झाली तर म्हणालीस, बघ, म्हणजे काहीतरी बोलली असणारच तू."

मला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं. दोन्ही बाजू नकोत का बघायला? मी माझी पोर टेबलावर उलटी करून धरली होती आणि तिचा सुटलेला टाका शोधत होते. जावयाला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

"आता कुठे आहे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"शिंपीणबाईंच्या भाचीकडे. एक खोली मिळालीय. बरी आहे. जेवते आता."

"मी जाऊ का?"

"विचारतो तिला," हे म्हणाले. म्हणजे माझ्या मुलीकडे जायला मला आता परवानगी लागणार होती. लागणारच.

मग मला राहवेना. "अहो," मी म्हटलं, "तीन आठवडे इथे होती. कधी माझं नाव काढलं का हो तिनं?"

"रोज."

मला रडू फुटलं. रुसली असली तरी रोज काढायची! "काय म्हणायची?"

"विचारायची, आई कधी येणार."

"मग मी येईपर्यंत थांबली का नाही? मी गुरुवारी येणार म्हणून तुम्हाला सांगितलं होतं की नाही? तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं," हे म्हणाले. "बुधवारी सकाळी ती उठली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आपली आपण. गादी गुंडाळली, खोली झाडली आणि गेली."